शंभर मजल्यांच्या आधीचा प्रबंध

1964 साली शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मिकिओ सासाकी या विद्यार्थ्याने आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर पदवीसाठी एक प्रबंध सादर केला. विषय होता उंच कार्यालयीन इमारत. वाऱ्याला तोंड देण्याचं काम त्याने इमारतीच्या पोटातल्या खांबांकडून काढून घेतलं आणि बाहेरच्या चारही भिंतींकडे सोपवलं. त्या भिंतींवर पोलादाचे लांबलचक तिरके दांडे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जात होते आणि एकावर एक प्रचंड फुल्या उमटत होत्या.

वर्षभरातच त्याच शहरात जॉन हॅनकॉक सेंटरचं आरेखन सुरू झालं. शंभर मजले, 344 मीटर उंची आणि चारही अंगांवर तशाच फुल्या. एकेक फुली अठरा मजले व्यापणारी. साठचं दशक संपता संपता ही इमारत उभी राहिली आणि शिकागोची ओळखच बनली. वर निमुळती होत जाणारी ती काळी आकृती आणि तिच्यावरचे तिरके दांडे आजही शहरालगतच्या सरोवराच्या काठावरून दुरून ओळखू येतात.

ही इमारत आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर फझलुर खान यांच्या नावावर आहे, आणि ते योग्यच आहे. पण सासाकीच्या प्रबंधाला खान यांच्याबरोबर आणखी एक मार्गदर्शक होते, मायरन गोल्डस्मिथ. खान आणि गोल्डस्मिथ दोघंही दिवसा स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या फर्ममध्ये काम करत आणि त्यातून वेळ काढून इलिनॉय इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ही संस्थाही 'आयआयटी' याच आद्याक्षरांनी ओळखली जाते, आपल्या आयआयटींशी तिचा संबंध नाही. जगभर पसरलेल्या एका फर्ममध्ये वरच्या पदावर असलेला आर्किटेक्ट शिकवण्यात आयुष्याची पस्तीसेक वर्षं का घालतो, आणि त्याने फर्मला काय मिळतं, हे समजून घ्यायला गोल्डस्मिथ यांच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल म्हणजे एसओएम. लुई स्किडमोर आणि नॅथॅनियल ओविंग्ज यांनी 1936 साली शिकागोत तिची सुरुवात केली. 1939 मध्ये जॉन मेरिल हे इंजिनिअर भागीदार झाले. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर एकाच छपराखाली, एकाच कामावर बसवायचे, हे तिचं वेगळेपण. एरवी आर्किटेक्ट इमारतीचा आकार ठरवतो आणि नकाशे इंजिनिअरकडे पाठवतो. इंजिनिअर खांब किती जाड लागतील ते सांगतो. मग खांब कुठे लपवायचे यावर दोघांची हुज्जत सुरू होते. आपल्याकडच्या कुठल्याही आर्किटेक्टला हे वेगळं सांगायला नको. एसओएममध्ये दोघांची भेट पहिल्या रेघेपासून होऊ शकत होती. मुंबईकरांना या फर्मचं काम जवळून पाहता येतं. 2014 साली सुरू झालेलं छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचं टर्मिनल 2 तिनेच आरेखलं. चेक-इनच्या दालनात मान वर करून पाहिलं तर खांब वर जाता जाता पसरतात आणि छताच्या नक्षीत मिसळून जातात. खांब कुठे संपला आणि छत कुठे सुरू झालं ते बोट ठेवून सांगता येत नाही. सजावट कुठली आणि भार पेलणारा सांगाडा कुठला, ही वाटणीच तिथे उरत नाही.

गोल्डस्मिथ यांचा जन्म 1918 सालचा, शिकागोचाच. 1938 मध्ये जर्मनीहून आलेले मीस व्हॅन डेर रोह तिथल्या आर्मर इन्स्टिट्यूटच्या आर्किटेक्चर विभागाचे प्रमुख झाले (हीच संस्था पुढे इलिनॉय इन्स्टिट्यूट झाली), तेव्हा गोल्डस्मिथ तिथे शिकत होते. महायुद्धात लष्कराच्या इंजिनिअर दलात काम करून परतल्यावर 1946 मध्ये ते मीस यांच्याच ऑफिसात रुजू झाले. मीस एकीकडे विभाग चालवत आणि दुसरीकडे ऑफिस. चांगला विद्यार्थी वर्गातून सरळ ऑफिसातल्या टेबलावर यायचा. त्या टेबलावर गोल्डस्मिथ यांच्याकडे आलेल्या कामांपैकी एक म्हणजे फार्न्सवर्थ हाउस, फॉक्स नदीकाठचं काचेचं घर. पुराचं पाणी येतं म्हणून ते जमिनीपासून दीडेक मीटर वर उचललेलं आहे आणि आठ पोलादी खांबांवर उभं आहे. खांब बाहेरच्या तुळईला फक्त चिकटल्यासारखे दिसतात. ना बोल्ट, ना वेल्डिंगची खूण. एवढं साधं दिसण्यासाठी सांधा कसा करायचा, वेल्डिंग कुठे दडवायचं आणि पृष्ठभाग किती घासायचा, हे सगळं बारकाईने ठरवावं लागतं. पोलादाशी गोल्डस्मिथ यांची खरी ओळख अशा कामांतून झाली.

1953 मध्ये त्यांनी स्वतःचा पदव्युत्तर प्रबंध पुरा केला. विषय : उंच इमारत आणि आकारमानाचे परिणाम. त्यांच्या पुढच्या सगळ्या शिकवण्याचं बीज या प्रबंधात आहे, म्हणून त्यातला विचार नीट पाहायला हवा.

गॅलिलिओने 1638 सालच्या आपल्या ग्रंथात दोन हाडांचं चित्र दिलं आहे. लहान प्राण्याचं हाड आणि त्याच्या तिप्पट लांबीचं, तेवढंच काम देऊ शकेल असं मोठ्या प्राण्याचं हाड. मोठं हाड नुसतं तिप्पट जाड नाही, त्याहून कितीतरी जाड, जवळजवळ बेढब आहे. कारण असं : एखादी वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की तिचं वजन आठपट होतं, पण ते पेलणाऱ्या हाडाचा किंवा खांबाचा छेद मात्र चौपटच होतो. म्हणजे मोठं होताना प्रत्येक वस्तू स्वतःच्याच तुलनेत दुबळी होत जाते. डार्सी थॉम्पसन या जीवशास्त्रज्ञाने 1917 मध्ये हाच धागा प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या आकारांपर्यंत नेला. गोल्डस्मिथ यांनी तो इमारतींना लावला. प्रत्येक रचनेला एक मर्यादा असते, असं त्यांचं म्हणणं. साधी तुळई एका अंतरापर्यंत पूल म्हणून चालते. त्यापुढे कमान लागते, आणखी पुढे झुलता पूल. तुळईच अधिकाधिक जाड करत राहणं हा उपाय नव्हे, मर्यादेपाशी रचनेची जातच बदलावी लागते. मग उंच इमारतीची जात कुठल्या उंचीला बदलते?

वाऱ्यामुळे हा प्रश्न आणखी टोकदार होतो. रुंदी तीच ठेवून इमारतीची उंची दुप्पट केली तर वाऱ्यामुळे पायथ्याशी येणारा उलथवण्याचा जोर चौपट होतो. आणि सांगाड्याचा ताठपणा तेवढाच राहिला तर माथ्याचं डोलणं सोळापट. खांब आणि तुळयांचा नेहमीचा सांगाडा वीस-तीस मजल्यांपर्यंत काटकसरीने काम करतो. त्याहून वर प्रत्येक जादा मजल्यामागे नुसत्या वाऱ्यासाठी पोलाद ओतावं लागतं. खान याला उंचीपायी मोजावा लागणारा जादा दर म्हणत.

एवढं लिहून गोल्डस्मिथ थांबले नाहीत, आणि लगेच शिकवायलाही बसले नाहीत. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर 1953 ते 1955 ते रोममध्ये पिएर लुइजी नेर्वी यांच्याकडे राहिले. नेर्वी इंजिनिअर, स्वतः ठेकेदार आणि विद्यापीठात शिक्षक. काँक्रीटचं ओझं फासळ्यांमधून कसं वाहतं, हे त्यांच्या छतांकडे नुसतं पाहूनही कळतं. मीस यांच्याकडे पोलाद, नेर्वींकडे काँक्रीट, आणि दोघंही बांधत होते व शिकवतही होते. हे दोन गुरू लाभलेल्या माणसाला आर्किटेक्टचं ऑफिस आणि वर्ग ही एकाच कामाची दोन टोकं वाटली तर नवल नाही.

1955 मध्ये ते एसओएमच्या सॅन फ्रान्सिस्को ऑफिसात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून आले. 1958 मध्ये शिकागोच्या ऑफिसात गेले ते मात्र आरेखन करणारे आर्किटेक्ट म्हणून. एकाच फर्ममध्ये एकाच माणसाने टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसणं विरळाच. 1967 मध्ये ते भागीदार झाले.

त्यांच्या स्वतःच्या कामांपैकी मला सर्वांत जवळचं वाटतं ते ॲरिझोनातल्या किट पीकवरचं सौर दुर्बिणीचं बांधकाम, 1962 मध्ये पुरं झालेलं. डोंगरमाथ्यावर एक पांढरा उभा मनोरा आणि त्याच्या माथ्यापासून जमिनीत घुसणारी एक तिरकी नळी, एवढंच वर दिसतं. मनोऱ्याच्या माथ्यावरचा आरसा सूर्याबरोबर फिरतो आणि प्रकाशाचा झोत नळीत खाली सोडतो. नळीची एकूण लांबी दीडशे मीटरच्या घरात, आणि तिचा मोठा भाग डोंगराच्या पोटात. तिचा कल मनाला येईल तसा ठरवलेला नाही. तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून जमिनीशी कोन त्या जागेच्या अक्षांशाइतका, 32 अंशांचा. आता अडचण अशी की आरसा किंचितही हलला तर सूर्याची प्रतिमा थरथरते, आणि डोंगरावर वारा तर कायमचा. उपाय म्हणून आरसा पेलणारा काँक्रीटचा मनोरा वेगळा आणि त्याभोवतीचं वारा अंगावर घेणारं कवच वेगळं ठेवलं आहे. वारा कवचाला ढकलतो, पण तो धक्का आरशापर्यंत पोचत नाही. नळीचा चौकोनी छेद सपाट बाजूवर न टेकवता कोपऱ्यावर उभा केला आहे, म्हणजे वारा फाटून बाजूंनी निघून जातो. उन्हाने कवच तापलं तर भोवतीची हवा हेलकावते आणि प्रतिमा बिघडते; म्हणून तांब्याच्या पत्र्यांमधून थंड द्रव खेळवला आहे आणि बाहेरून पांढरा रंग दिला आहे. त्या वास्तूत डोळ्यांना सुंदर वाटणारी प्रत्येक रेघ कुठल्या ना कुठल्या अडचणीचं उत्तर आहे.

1961 पासून गोल्डस्मिथ इलिनॉय इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. त्यांच्यासोबत मार्गदर्शक म्हणून डेव्हिड शार्प हे प्राध्यापक होते आणि फझलुर खान होते. खान यांचा जन्म 1929 चा, ढाक्याचा. शिबपूर आणि ढाक्यात इंजिनिअरिंग शिकून ते इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तिथे डॉक्टरेट घेऊन 1955 मध्ये एसओएममध्ये आले. मधली काही वर्षं कराचीत काढून 1960 मध्ये ते शिकागोला परतले. गोल्डस्मिथ आर्किटेक्ट होते आणि त्यांना इंजिनिअरचं गणित येत होतं. खान इंजिनिअर होते आणि त्यांना आर्किटेक्टची नजर होती. वर्गात मुलांसमोर ही जोडी एकत्र बसत असे.

मुंबई-पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजांतही व्यावसायिक मंडळी शिकवायला येतात. आठवड्यातून एखादा दिवस येतात, मुलांची डिझाइनं पाहतात, ज्युरीला बसतात, आपल्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगतात. याचा फायदा होतोच. मुंबईत तर याची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्मचे भागीदार क्लॉड बॅटली 1923 ते 1943 अशी वीस वर्षं जे. जे. मधल्या वास्तुकला शिक्षणाचे प्रमुख होते. मुंबई सेंट्रल स्टेशनची इमारत त्यांची. विद्यार्थ्यांनी जुन्या भारतीय वास्तूंची प्रत्यक्ष मापं घ्यावीत, यावर त्यांचा कटाक्ष होता. पण बहुतेक वेळा व्यावसायिक आर्किटेक्ट वर्गात येतो तो आपल्याला जे येतं ते द्यायला. गोल्डस्मिथ आणि खान यांनी वर्गात आणले ते आपल्याला न सुटलेले प्रश्न. फर्ममध्ये जे विचारायला वेळ नव्हता, कारण समोर गिऱ्हाईक होतं, तारीख होती, बजेट होतं, ते प्रश्न त्यांनी मुलांच्या हाती दिले. मुलांकडे गिऱ्हाईक नव्हतं आणि हातात दोन-तीन वर्षं होती. हे प्रबंध म्हणजे कागदी कल्पनाविलास नसत. सांगाड्याचा हिशेब, मजल्यांची आखणी, लिफ्ट कुठून जाणार, दर्शनी बाजू कशी दिसणार, या सगळ्याची उत्तरं द्यावी लागत आणि मोठाली मॉडेलं करावी लागत.

सासाकीचा प्रबंध या पद्धतीतला सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या मागचा प्रश्न समजून घेण्यासाठी वेळू डोळ्यांसमोर आणावा. वेळू पोकळ असतो. सगळं बळ बाहेरच्या सालीत, मध्यापासून जितकं दूर तितकं, म्हणून तो वाकतो पण सहजासहजी मोडत नाही. खान यांनी इमारतीचे खांब बाहेरच्या भिंतींत दाट लावून तशीच पोकळ नळी करण्याची कल्पना पुढे आणली. साठच्या दशकाच्या मध्यावर शिकागोत बांधलेल्या डिविट-चेस्टनट या काँक्रीटच्या निवासी इमारतीत तिचा पहिला मोठा प्रयोग झाला. बाहेरचे खांब जेमतेम पावणेदोन मीटर अंतरावर. पण इथे एक खोड निघते. वारा सुटला की कोपऱ्यातल्या खांबांवर भार एकवटतो आणि भिंतीच्या मधले खांब आपला वाटा उचलत नाहीत, कारण त्यांना जोडणाऱ्या तुळया वाकून जातात. इमारत जितकी उंच आणि रुंद, तितकी ही गैरवाटणी मोठी. म्हणजे नळीलाही मर्यादा आली, आणि गोल्डस्मिथ यांच्या 1953 च्या प्रबंधाप्रमाणे इथे रचनेची जात बदलायला हवी होती.

तिरक्या दांड्यांनी ती बदलली. दांडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ जातो आणि वाटेतल्या प्रत्येक खांबाला बांधला जातो. भार एका खांबात साचायला लागला की तो दांड्यावाटे शेजाऱ्यांकडे सरकतो. वाऱ्याचाही आणि वजनाचाही. आता खांब दाट लावायची गरज उरत नाही, खिडक्या मोठ्या होतात, आणि चार भिंती मिळून खरोखर एक नळी होते. हॅनकॉक सेंटरला दर चौरस मीटर मजल्यामागे सुमारे 145 किलो पोलाद लागलं. 1931 सालच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला 200 किलोहून जास्त लागलं होतं. शंभर मजल्यांच्या इमारतीत हा फरक केवढा, याचा हिशेब वाचकांनीच करून पाहावा.

विद्यार्थ्याच्या प्रबंधातली गोष्ट फर्मच्या कामात आली, तर ती कल्पना कुणाची? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो आणि करायलाही हवा. सासाकीचं नाव हॅनकॉक सेंटरच्या बहुतेक वर्णनांत येत नाही. गोल्डस्मिथ यांचंही क्वचितच. तरी हा चोरीचा मामला नव्हता असं माझं मत आहे. प्रश्न मार्गदर्शकांचा होता, प्रबंधातलं उत्तर विद्यार्थ्याने घडवलं होतं, आणि शंभर मजल्यांच्या निमुळत्या, खाली ऑफिसं व वर घरं असलेल्या इमारतीत ते बसवण्याची जोखीम ग्रॅहम आणि खान यांनी घेतली. पण श्रेयाच्या पाटीवर एवढी नावं मावत नाहीत, आणि शिकवणाऱ्याचं नाव सर्वांत आधी गळतं. आपल्या लिहिण्या-बोलण्यात आर्किटेक्टची गोष्ट बहुधा एकट्याच्या प्रतिभेची गोष्ट होते, त्यामुळे असं काम दिसेनासं होतं. शोध घ्यायचा तर ग्रंथालयातल्या प्रबंधांच्या याद्या चाळाव्या लागतात.

त्या याद्यांमध्ये पुढचे धागेही सापडतात. 1968 मध्ये रॉबिन हॉजकिसन या विद्यार्थ्याने तीच तिरकी रचना काँक्रीटमध्ये मांडली. काँक्रीटमध्ये लांब तिरका दांडा ओतणं अवघड. म्हणून दाट खांबांच्या नळीतल्या काही खिडक्याच तिरक्या ओळीत काँक्रीटने भरायच्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारा दांडा तयार होतो. बांधायला साधा साचा, आणि काम मात्र तिरक्या दांड्याचं. शिकागोचं ओंटेरी सेंटर या तत्त्वावर 1986 मध्ये पुरं झालं. तोवर खान यांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि गोल्डस्मिथ फर्ममधून निवृत्त होऊन तीन. निवृत्तीनंतरही गोल्डस्मिथ शिकवत राहिले. 1996 मध्ये ते गेले.

आणि एक धागा आपल्याकडे येतो. 1966 मध्ये गोल्डस्मिथ आणि खान यांच्या मार्गदर्शनाखाली नव्वद मजल्यांच्या काँक्रीटच्या निवासी इमारतीवर प्रबंध लिहिणारा एक विद्यार्थी खरगपूरच्या आयआयटीतून तिकडे गेला होता : ए. जी. कृष्ण मेनन. भारतात परतल्यावर त्यांनी गगनचुंबी इमारती उभ्या केल्या नाहीत. ते जुन्या शहरांच्या जतनाकडे वळले, इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या कामात रमले, आणि 1990 मध्ये दिल्लीत टीव्हीबी स्कूल ऑफ हॅबिटॅट स्टडीज हे आर्किटेक्चरचं कॉलेज सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शिकागोतल्या वर्गात उंच इमारतीचा हिशेब शिकलेल्या माणसाने दिल्लीत मुलांपुढे वेगळे प्रश्न ठेवले : आपल्या शहरांत आधीपासून उभं असलेलं काय राखायचं, कुणासाठी बांधायचं आणि किती.